पुरेबागेचं शिखर

सुचौच्या पूर्व गल्लीतली पुरेबाग आमची, थांगांची. बांधली मात्र दुसऱ्याने. दरबारातून हाकललेला एक अंमलदार होता. आमच्याकडच्या बागा बहुतेक हाकललेल्यांनीच बांधल्या. नोकरीत असलेल्याला तळं खणायला सवड कुठली? आता मला एवढं पुरे, म्हणून त्याने पुरेबाग नाव ठेवलं आणि लगेच शेजाऱ्यांच्या तीन जागा घेतल्या. त्याच्या मुलाने बाग जुगारात घालवली. मग मिठाचा व्यापारी आला. त्याने प्रत्येक खिडकीला वेगळी जाळी करायला सांगितली आणि शेवटची बसायच्या आत मेला. मग बंडवाले आले, त्यांनी मंडपांत घोडे बांधले. घोडे गेल्यावर आमच्या आजेसासऱ्यांनी रेशमाच्या कमाईतून ती घेतली. कमळं तेव्हापासून जोरात येतात.

बागेत सगळं होतं, शिखर नव्हतं. शिखर म्हणजे तळ्याकाठी उभा करायचा उंच दगड. तो हडकुळा हवा, सुरकुतलेला हवा, आरपार भोकांचा हवा. ही लक्षणं माणसात दिसली तर आम्ही वैद्य बोलावतो, दगडात दिसली तर चौथरा बांधतो. तयार दगड आणणं आजेसासऱ्यांना हलकं वाटलं. त्यांनी जुन्या रीतीने दगड पेरला. चुनखडीच्या धोंड्याला छिन्नीने भोकं पाडली, बुडाशी स्वतःचं नाव कोरलं आणि तो ताय सरोवरात सोडला. पुढचं काम लाटांनी करायचं आणि काढायचा नातवांनी. मरताना म्हणाले, "शिखर उभं राहीपर्यंत घर फोडायचं नाही." तोवर रिकाम्या चौथऱ्यासमोर शिखरदर्शन मंडप बांधून झाला होता. पाहुणे तिथे चहा पीत आणि समोर नसलेल्या दगडाची तारीफ करत.

नातू दोन. थोरले आमचे हे. घरात वाद निघाला की ह्यांची छाती दुखते. धाकटे पोछिंग भाऊजी, दगडांचे जाणकार. कुणाच्या बागेत दगड आला की यांना पालखी धाडून बोलावत, आणि हे नाक मुरडून परत येत.

त्या वर्षी भाऊजींना वाटणी हवी झाली. आपल्या वाटणीचं अर्धं तळं बुजवून त्यावर रेशमाच्या मागांचं छप्पर घालायचं होतं. मी सोळाव्या वर्षी या घरात आले, सासूबाईंच्या मागे ते तळं मी सांभाळलं, त्यातल्या होडीच्या आकाराच्या दगडी मंडपासकट. तळ्यात माती पडू द्यायची नाही, एवढंच मला कळत होतं.

"भिंत तळ्यातल्या दगडी होडीवरून जाईल, वहिनी," भाऊजी म्हणाले. "नाळ तुमच्याकडे, सुकाणू आमच्याकडे."

"अर्धी होडी घेऊन मी काय करू?"

"अख्खी असताना तिच्यातून कुठे गेला होतात?"

यावर ह्यांची छाती दुखायला लागली.

मी आजेसासऱ्यांचा शब्द पुढे केला. भाऊजी हसले. "मग दगडच काढतो की. नातूच आहे मी."

शरदात पाणी उतरलं तेव्हा आम्ही सगळे होड्यांनी निघालो. भाऊबंदांतले थोरले काका निवाड्याला सोबत होते. नावाडी आ-कनने आम्हाला सरोवराच्या एका आडोशाच्या कोपऱ्यात नेलं. तिन्ही बाजूंना टेकड्या, वेळू आणि आरशासारखं पाणी. माझं माहेर त्याच काठचं. तिथे आम्ही बायका कपडे धुवायला जायचो, कारण साबण ठेवला तिथे राहायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

दोर लावले, माणसं ओरडली, दगड वर आला. गुबगुबीत, गुळगुळीत, वाफवलेल्या पावासारखा. भोकं होती, पण आजेसासऱ्यांच्या कारागिराने पाडली तशीच, गोल. त्यांच्या कडांना छिन्नीचे घावसुद्धा दिसत होते.

"आला," भाऊजी घाईने म्हणाले. "काका, अट फिटली. गवंडी बोलावतो."

"अट दगडाची नव्हती, शिखराची होती," मी म्हटलं. "हे शिखर आहे का?"

"उभं केलं की होईल."

"मग तुम्हीच सांगा ना, भाऊजी. मला चार अक्षरं येतात, तीही वाकडी. सुचौभर तुमच्या डोळ्याची ख्याती. काकांसमोर एकदा म्हणा, हा उत्तम दगड आहे. भिंतीची पहिली वीट मी स्वतः ठेवते. मग सगळं गाव बघायला येईल, आणि पोछिंग साहेबांनी पारखलेला दगड म्हणून सांगायला मी दारात उभी राहीन."

भाऊजी दगडाभोवती फिरले. वाकले. एका भोकात हात घातला, तो मनगटाशीच थांबला. त्यांची बायको सुइयुन हलकेच म्हणाली, "म्हणून टाका की. दोन शब्द तर आहेत."

"तू गप्प बस."

"मी गप्पच होते. तुम्ही पण गप्प, म्हणून बोलले."

काकांनी पाईप झटकला. "पोछिंग, ऊन चढतंय."

भाऊजींनी हात पुसले. चेहरा असा, की कुणी कडू काढा दिलाय आणि भांडं परत द्यायचंय.

"कच्चा आहे," ते म्हणाले.

"मग परत टाका," काका म्हणाले.

आ-कनने विचारलं, पलीकडे टोकावर सोडू का, तिथे वारा लागतो, लाट असते. भाऊजी तत्काळ म्हणाले, "हो, तिथेच. इथे शंभर पिढ्या गेल्या तरी काही व्हायचं नाही."

"म्हणजे आजेसासऱ्यांची जागा चुकली?" मी विचारलं. "बोला, काकांना ऐकू जाईल असं बोला."

काका पाण्याकडे बघत होते. भाऊजी काकांकडे बघत होते. वाडवडिलांना त्यांच्या नावासमोर चुकीचं ठरवायला आमच्याकडे अजून कुणी जन्मलेलं नाही.

दगड होता तिथेच गेला. तरंग उठले आणि लगेच बसले.

थंडीत बागेतल्या तळ्याचा गाळ काढायचा होता; बुजवायचं आता कुणी बोलत नव्हतं. माणसं भाऊजींनी लावली, दक्षिणेकडून. मी जाऊन भाऊजींना सांगितलं, उत्तरेकडून काढा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माणसांना हाक मारली आणि उत्तरेकडे पाठवलं.