लाटेले मूठभर चिंचोके

राग मले लवकर येते, हे आधीच सांगून ठेवतो. पण छप्पनच्या उन्हाळ्यात मी जो तापलो, तसा जन्मात तापलो नाई.

मी मुखरू मास्तर, एटापल्लीकडच्या एका खेड्यातल्या शाळेचा. नागपूरच्या माह्या जुन्या प्रोफेसरसाहेबानं मले एक गणित धाडलं होतं. लांब नळीत पेटणारा वायू भराचा, एका टोकाले ठिणगी द्याची, का स्फोटाची लाट धाडकन दुसऱ्या टोकाले! त्या लाटेच्या जोरावर उद्या अग्निबाण उडवता येईल काय, हे साहेबाले पाह्याचं होतं. मी कागदावर नळीचे वीस खण पाडाचे अन् क्षणाक्षणाले हरेक खणातला दाब काढाचा. एक जूनच्या आत उत्तर जमलं तं प्रयोगशाळेत नोकरी. नाई तं खडू अन् मी, मरेपर्यंत.

चार वेळा केलं. चारही वेळा लाटेच्या तोंडापाशी आकडे पिसाळले. एका खणात दाब डोंगराएवढा, अन् शेजारच्यात शून्याच्याही खाली! उणा दाब कोणाच्या बापानं पाह्यला होता? मी वही भिंतीवर हाणली.

समोरच्या पडवीत सातजणी चिंचा फोडून राह्यल्या होत्या. म्हटलं, चूक कागदावर दिसत नाई, तं डोळ्यानं पाहू. हरेक बाई एक खण, तिच्या सुपातले चिंचोके म्हणजे दाब. मी गणित करून हाका माराचो, "भागीरथा, बारा डावीकडं दे! गुणाबाई, वीस घ्या!"

पाचव्या हाकेले भागीरथेचं सूप रिकामं झालं. गणित म्हणे, अजून नऊ काढ. मी ओरडलो, "काढ!" तं शेजारच्या गुणाबाईनं आपली एक मूठ गुपचूप तिच्या सुपात लोटली.

"काऊन लोटली, गुणाबाई?"

"शेजारणीचं सूप रिकामं राहू देत नाई, मास्तर. आमच्यात तसं नसते."

"माह्या गणिताची वाट लावली तुमी!"

"ते तं तुमी आधीच लावली होती." सातही जणी खिदळल्या.

मी तणतणत उठलो अन् उभ्यानंच पुढच्या हाका मारल्या; साऱ्याजणी तशाच मुठी लोटत गेल्या, अन् माही नजर सुपांवर गेली. ढीग बसले होते, एकही सूप रिकामं नव्हतं. लाट एका सुपातून दुसऱ्यात शहाण्यासारखी चालली होती. बाप्पा! मी खालीच बसलो.

"किती लोटता हो तुमी?"

"जेवढा फरक, तेवढी मूठ. सारखंच असलं तं कायले द्याचं?"

ते तसंच्या तसं मी सूत्रात घातलं. आठ दिवसांत लाट वीसही खण पार झाली, अन् तिचा वेग साहेबानं नळीत मोजलेल्या वेगाशी जुळला. मी शाळेत एकटाच नाचलो.

युक्ती कोणाची, ते नाव लिवताना मात्र हात थांबला. माहंच लिवलं तं नागपुराहून इथी कोण पाहाले येते? पण लाज वाटली. "ही युक्ती गुणाबाईची," असं लिहिलं अन् धाडून दिलं.

जुलैत नेमणूक आली. गुणाबाईच्या नावानं.

तिले वाचता येत नाई. धानाच्या रोवणीच्या बांधावर मलेच वाचून दाखवावी लागली. तिनं हातातला रोपांचा पऱ्हा न सोडता सारं ऐकलं.

"लिवा त्याईले," ती म्हणाली, "मले रोवणीतून सवड नाई. आमच्या मास्तरले घेऊन जा. हुशार नाई तो, पण शिकवलं तं शिकते."

मी शब्द न् शब्द लिहिला, अन् खाली तिचा अंगठा घेतला.