अकरा मासे आणि नेउझा

"मावशी, ही रेघ कसली?" जुसिलेनीने विचारलं.

नेउझाने दोन्ही हात मादीच्या पोटाखाली धरले होते. लवंगतेलाच्या पाण्याने गुंगलेली ती तेरा किलोंची मासळी टबात संथ कल्ले हलवत होती. तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं. अंडी उतरवायची सुई घेऊन वाकलेली नेउझाची मदतनीस जुसिलेनी तशीच थांबली.

"कुठे?"

"ही काय, पंखाच्या मागे. तुमच्या अंगठ्याशेजारी."

नेउझाने अंगठा सरकवला. तिला करडी पाठ दिसली, तिच्यावर धुकं दिसलं. रेघ दिसली नाही.

"सावली असेल. टोच तू सुई."

"सावली हलते हो मावशी. ही हलत नाहीये."

नेउझाने बोटाने ती जागा चाचपली.

मिरांदा नदीकाठच्या त्या मत्स्यबीज केंद्रात ती बावीस वर्षं होती. तिथे नदीसाठी पिंतादो मासे वाढवत. अंगभर ठिपके असतील तो पिंतादो, उभ्या रेघा असतील तो दुसऱ्या जातीचा, कशारा. तळ्यांत मासे पाळणारे दोघांचा संकर करत, कारण तो झपाट्याने वाढे. नदीत मात्र संकराचं पिल्लू जाता कामा नये. एकदा गेलं की मूळ जातीत मिसळायचं, मग कुणालाही ते निवडून काढता येणार नव्हतं. म्हणून वीण घेण्यासाठी आणलेला प्रत्येक मासा नेउझाच्या नजरेखालून जाई. ती मान हलवी, मगच वहीत 'शुद्ध पिंतादो' असं लिहिलं जाई.

विणीचे हे अकरा मासे तिने गेल्या हिवाळ्यात, जुलैत, निवडले होते. डोळ्यांपुढचं धुकं तेव्हाही होतं. चष्मा जुना झालाय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. तिच्या आईचे डोळे गेले तेव्हा आई नऊ वर्षं भिंतीला टेकून बसली, आणि घरातले तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलत. त्या भिंतीची नेउझाला दहशत होती.

"आज सुई नको. परत टाकीत सोडू हिला," ती म्हणाली.

मादीचं तोंड वाहत्या धारेकडे करून ती धरून उभी राहिली. गुंगी उतरली, शेपटीचा तडाखा मनगटावर बसला, तशी मासळी निघून गेली. शेजारच्या टाक्यांत याच माशांची चाळीस हजार बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, होती. उद्या सकाळी ती नदीत सोडायची होती. गप्प राहिलं तर कुणाला कळणार? हा विचार इतक्या सहज आला, की ती ओले हात न पुसताच व्हरांड्याकडे निघाली.

केंद्राचा प्रमुख ओदाइर व्हरांड्यात 'माते' नावाचा पाल्याचा थंडगार काढा पीत बसला होता.

"ओदाइरसाहेब, उद्याची बोटुकल्यांची गाडी थांबवा."

"का हो, नेउझाबाई? गाडी बिघडली?"

"मला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"तुमचं तोंड दिसत नाही इथून. या वेळी इथे तुम्हीच बसता, म्हणून ओळखलं."

त्याने पेला खाली ठेवला. "कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्याच्या आधीपासून."

"आणि आज सांगताय."

"आज सांगतेय."

अकराही माशांच्या पंखांचे तुकडे तपासणीला गेले. निकाल नवव्या दिवशी आला. ते नऊ दिवस नेउझा खाद्य टाकत होती, टाक्या घासत होती, आणि मागून पाऊल वाजलं की आता घरी जा म्हणतील म्हणून दचकत होती.

तीन संकर निघाले. तेरा किलोंची ती मादी त्यातलीच होती, आणि चाळीस हजारही तिचीच. ती सगळी बोटुकली बंदिस्त तळ्यांवर पाठवली.

"आणि डिसेंबरात नदीत सोडली ती खेप?" नेउझाने विचारलं.

ओदाइरने वहीचं मागचं पान उघडलं. "तीही हिचीच," तो म्हणाला.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिथून नदीचा आवाज येत होता. दुपारचं जेवण तिला गेलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती.

मार्चमध्ये नवे नर-माद्या निवडायला घेतले. पहिल्या नराने टबात अशी उसळी मारली की दोघे गडी मागे सरले. ओदाइरने टाकी घासणाऱ्या नेउझाला बोलावलं. तिने नराच्या डोळ्यांवर फडकं ठेवलं, एक हात डोक्यामागे, एक पोटाखाली घातला. नर निवला.

"बघ," ती जुसिलेनीला म्हणाली.

"ठिपके आहेत."

"पोटाकडे?"

"ठिपकेच."

"आता शेपटीच्या बुडाशी बघ. घाई करू नकोस."

जुसिलेनी खाली वाकली आणि बघत राहिली. नेउझाने मान दुसरीकडे वळवली होती. तळहाताखाली कल्ला उघडत होता, मिटत होता.