धरून ठेवलेलं टेबल

बँकॉकला आल्यापासून बी ल्येनची नजर नवऱ्यावरून हलत नव्हती आणि वर हसऱ्या चेहऱ्याचे फोटो पाठवायचं काम होतंच. सिंगापूरहून निघताना मुलीनं, श्वे फेननं बजावलं होतं, "आई, बाबाला दोन दिवस फिरवून नीट परत आणलंस, तर मी त्या वृद्धाश्रमाचं नावसुद्धा काढणार नाही. पण काय घडलं ते खरं सांगायचं."

"घडायचंय काय? जरा विसरतो, एवढंच," बी ल्येन म्हणाली होती.

तिचा बेत साधा होता: देवळं नकोत, राजवाडा नको, की बसमध्ये कोंबून घेऊन हिंडणं नको. गल्लीतली भाड्याची खोली, कोपऱ्यावरचं सोयाबीनचं गरम दूध, होडीनं नदीपलीकडे जाऊन बाजारात जेवण. इथल्या माणसांसारखं राहायचं, निवांत. हा निवांत शब्द श्वे फेनला ऐकवायला बरा होता. प्रत्यक्षात बी ल्येन दाराला खुर्ची लावून झोपली होती, आणि झोपली म्हणजे काय, कूस बदलत पडली होती.

नवरा, सेंग हुआत, मात्र भलताच खुशीत. शनिवारी सकाळीच त्यानं हत्तींच्या छापाची ढगळ विजार घेतली आणि तिथल्या तिथं चढवली.

"आता मी इथलाच."

"इथली माणसं असलं काही घालत नाहीत रे. हे फक्त फिरायला आलेले घालतात."

"मग इथल्यांना सांग, तुमचं चुकतंय."

असं काही तो बोलला की बी ल्येनला धीर यायचा. एवढी तल्लख जीभ असलेल्या माणसाला आश्रमात कशाला टाकायचं? मग तासाभरानं तो विचारायचा, "आपण कुठं आलोय?" आणि तो धीर तिथंच विरायचा.

जेवायला बसताना तो हमखास बावचळायचा, आणि त्यात त्याची चूक नव्हती. सिंगापुरात खायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पुडकं ठेवायचं आणि मग खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. रुमाल टाकून जागा धरावी तसंच. पण रुमालावरून भांडणं होतात, तिथं पुडक्याला कुणी हात लावत नाही. बँकॉकमध्ये दर टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात गुलाबी टिश्यू ठेवलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हुआत दारातच थबकला होता. "ल्येन, अख्खं शहर कुणीतरी अडवून ठेवलंय!" ती हसली होती. तो विनोद करत नव्हता, हे नंतर तिच्या ध्यानात आलं.

रविवारी दुपारी ते नदीकाठच्या वांगलांगच्या बाजारात आले. मधल्या चौकात खाण्याच्या सगळ्या गाड्यांची मिळून टेबलं होती, आणि त्यांच्या भोवताली तुडुंब गर्दी. एक टेबल रिकामं झालं तसं बी ल्येननं त्याला बसवलं.

"मी भात घेऊन येते. उठायचं नाही. कळलं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती भाताची ताटं घेऊन परतली, तेव्हा तिथं चौघांचं कुटुंब जेवत होतं. हुआत नव्हता. टेबलावर सिंगापूरचं निळं पुडकं होतं आणि त्यातल्या टिश्यूनं ती बाई लेकराचं नाक पुसत होती.

बी ल्येननं पुडकं ओळखलं. तो पुडकं ठेवून गेला होता. जागा धरली, आता काळजी नाही, म्हणून निर्धास्त गेला होता.

"माझा नवरा? इथं बसलेला?" तिनं हातवारे केले. बाईला वाटलं, हिला टिश्यू हवाय. तिनं हसून पुडकं पुढे केलं.

ताटं तिथंच ठेवून ती धक्क्याकडे धावली. होडी भरून निघाली होती. गेला असेल का हा हिच्यातून? पलीकडे उतरून कुठं जाईल? फोन करावा, तर त्याचा फोन तिच्याच पिशवीत. हरवू नये म्हणून तिनंच काढून घेतला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला. शेवयांच्या गाडीवरच्या म्हातारीला तिनं हुआतचा सकाळचा फोटो दाखवला. म्हातारीनं नीट न्याहाळला, मान डोलावली आणि हत्तींच्या विजारी टांगलेलं दुकान दाखवलं.

तिथं मात्र बी ल्येनला रडू फुटलं. भर बाजारात, हुंदके देऊन.

मग तिला सुचलं. हुआत आपल्याला शोधणारच नाही. तो पुडकं शोधेल.

ती चौकात परतली. खांबाजवळचं टेबल नुकतंच रिकामं झालं होतं. तिनं गुलाबी टिश्यूंचा डबा उचलून खाली ठेवला, पिशवीतलं दुसरं निळं पुडकं बरोबर मधोमध मांडलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. कुणी बसायला आलं की हात जोडून परतवायची. माणसं विचित्र नजरेनं बघत होती. बघू देत.

तो आला. हातात शेवयांचे दोन वाडगे, वाफ कधीच गेलेली. प्रत्येक टेबलापाशी थांबायचा, गुलाबी टिश्यू बघायचा, पुढे जायचा. निळं पुडकं दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो टेकला. बी ल्येन धावत जाऊन समोरच्या खुर्चीत कोसळली.

"सॉरी आंटी," हुआत अदबीनं म्हणाला, "ही जागा धरलेली आहे. माझी बायको येतेय."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या नजरेत ओळख नव्हती. होता तो अनोळखी बाईविषयीचा चांगुलपणा.

"ती येईपर्यंत बसू?" कसंबसं तिच्या तोंडून आलं.

"बसा. पण त्या वाडग्याला हात लावू नका हं. तिला कोथिंबीर चालत नाही, गाडीवरच सगळी वेचून काढलीय मी."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. ती उठून खांबाआड गेली.

"काय आई, निवांत चाललंय ना?" श्वे फेननं विचारलं.

मस्त, हा शब्द ओठांवर तयार होता. दोन दिवस तोच वापरला होता.

"फेन, बाबा हरवला होता," ती म्हणाली. "सापडला. पण त्यानं मला ओळखलं नाही गं."

"तू बरी आहेस ना?" श्वे फेननं विचारलं.

"आल्यावर त्या वृद्धाश्रमाचं बोलू," म्हणून बी ल्येननं फोन ठेवला. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, केस सारखे केले आणि खांबाला वळसा घालून पुन्हा टेबलापाशी आली.

"किती उशीर, ल्येन!" हुआत ओरडला. "गार झालं सगळं!"

"चुकलं रे," ती बसली आणि वाडगा पुढे ओढला. त्यात कोथिंबिरीचं एक पान नव्हतं.

"आत्ता तुझ्या खुर्चीत एक आंटी बसली होती," तो हळूच म्हणाला. "रडून डोळे सुजले होते बिचारीचे. तिचं कुणीतरी हरवलं होतं वाटतं."