टिटवीचा खळगा

आगं हसू नका गं, माझं डोकं आजून तापल्यालं हाय!

आमचा यशराजदादा न्हाई का, चुलतभाऊ, पुण्याला कंपनीत असतोय त्यो? सुट्टीला आष्ट्याला आलाय. काल आमच्या ऊस गेलेल्या रानात ट्रॅक्टरवालं तात्याबा रोटर मारून माती बारीक करत हुतं, आन् मधीच टिटवीची चार अंडी दिसली. घरटं कसलं, नुस्ता खळगा, भवतीनं खडं. तात्याबांनी ट्रॅक्टर थांबवला. आन् ह्यानं काय करावं? व्हिडिओ चालू करून मोबाईल दगडाला टेकवला, अंडी टोपीत घातली, आन् नेऊन ठिवली पार बांधावर! उसाचं मऊ पाचट आंथरून! "चार जीव वाचवले" म्हणं. लगीच स्टेटसला.

मी म्हनलं, "दादा, तिला कसं कळायचं?"

"आई हाय ती. आपली अंडी वळकणार न्हाई व्हय?"

न्हाई वळकली! तीस पावलांवर अंडी ढळढळीत दिसत्यात, आन् ती बया येऊन मोकळ्या खळग्यात बसली. उठती, खाली बघती, परत बसती. बांधाकडं बघाया तयार न्हाई. तिला जागा ठावं गं, अंडी न्हाई! आन् दुपारचं बारा, बांधावर सावलीचं नाव न्हाई.

मी पळत गेले, अंडी उचलली, परत खळग्यात ठिवली. तर तात्याबा म्हंत्यात, "आता माणसाचा हात लागला, ती शिवत न्हाई. फिरवू का रोटर?"

"आवं तात्याबा, हात तर मघाशीच लागलाय ह्या शाण्याचा! धा मिनटं लांब बसा, मग बोला."

विहिरीपाशी जाऊन बसलो. टिटवी आली. चालत, थांबत, हिकडं-तिकडं बघत. आन् बसली गं! अंडी पोटाखाली घिऊन!

मला रडाय आलं, आन् दादा काय म्हनावं? "आगं, पण व्हिडिओ खोटा पडतोय की. लोकांनी किती कमेंटा टाकल्यात. बांधावरच ठिव, हुईल तिला सवय."

असली तिडीक गेली डोस्क्यात! "तिची पोरं उकडून मरूंदेत आन् तुझ्या कमेंटा जगूंदेत व्हय रं?" दादाला 'रं' म्हनलं मी, पयल्यांदाच.

तात्याबा खाकरलं. "पर पोरी, धुळीत मला खळगा दिसायचा कसा? खूण पायजे."

खूण? दादाचा दंड धरला आन् खळग्यापासनं पंधरा पावलांवर, टिटवी उठणार न्हाई एवढ्या लांब, खळग्याकडं तोंड करून उभा केला. "रान हुईस्तवर हालायचं न्हाई."

"आगं, ऊन किती हाय!"

"अंड्यास्नी लागत नव्हतं व्हय?"

दीड तास उभा हुता गं! समदी धूळ तोंडावर, आन् दुसरी टिटवी, हिचा जोडीदार, वरडत त्याच्या टाळक्यावर झडप घालतीय. खळग्यातली मातूर ट्रॅक्टर जवळनं गेला तरी उठली न्हाई.

दादा आजून बोलत न्हाई माझ्याशी. नको बोलू!