पार्वतम्मांचं इंजन

डॉक्टर बसलिंगप्पांनी साखर पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला होता. सोलापुरात वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि तिचा भरवसा कुणालाच नव्हता. एकदा भर ऑपरेशनात दिवे गेले. रोग्याला बेशुद्धीसाठी इथर हुंगवलेलं. ते भडकतं, म्हणून कंदील जवळ आणायची सोय नाही. बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात डॉक्टरांनी टाके घातले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आता घरचंच इंजन हवं, असं त्यांनी पत्नीला, पार्वतम्मांना, सांगितलं.

पीरसाब पिठाच्या गिरण्यांना आणि विहिरींना तेलावरची इंजनं बसवून देई. त्याच्या वखारीत डॉक्टरांनी थेट सगळ्यांत मोठ्या इंजनावर बोट ठेवलं. अख्खं घर उजळेल, पंखेही फिरतील, असा त्यांचा विचार. पार्वतम्मा मात्र कोपऱ्यातल्या लहान इंजनाभोवती घुटमळत होत्या. दिवे गेले की नेमकं अडतं कुठं, असं त्यांनी विचारलं. ऑपरेशनच्या टेबलावर, एवढंच ना? मग बाकीच्या घराला कंदील पुरे.

त्यांनी पदर खोचला आणि मोठ्या इंजनाचं हँडल धरलं. ते जागचं हललं नाही. लहानाचं सहज फिरलं.

"हेच घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तुमचे हात त्या वेळी रोग्याच्या पोटात असणार. चालू मलाच करायचंय की."

डॉक्टरांनी लहान इंजनाचे पैसे काढले. पीरसाबनं मान डोलावली. "एक ध्यानात ठिवा, वैनी. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच धरायचा. इंजन उलटं फिरलं तर मनगट मोडतंय."

परसातल्या पत्र्याच्या खोलीत इंजन बसलं. धूर घरात शिरू नये म्हणून नळकांडं बोळाकडं काढलं. शेजारी पट्ट्यानं जोडलेला डायनामो. भिंतीवर पीरसाबनं दुतोंडी खटका लावला. गावची वीज तोडल्याशिवाय घरची जोडताच येत नव्हती. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेला एखादा माणूस आपल्या विजेनं जायचा, असं त्यानं बजावलं.

दर सोमवारी पूजा आटोपली की पार्वतम्मा इंजन थोडा वेळ चालवत, तेही दिवे लावून. घासलेट फडक्यातून गाळत, तेल बघत, पाण्याची टाकी भरत. गावची वीज धड असताना हा खटाटोप कशाला, असं डॉक्टर म्हणत. पडून राहिलेलं इंजन ऐन वेळी चालू होईल कशावरून, असं त्या उलट विचारत.

वैशाखात मोहोळच्या बाजूचा सिद्धाप्पा धनगर बायकोला, तानाबाईला, सर्व्हिस मोटारीनं घेऊन आला. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. थांबण्यात अर्थ नव्हता. कंपाउंडर धोंडीरामनं इथर दिलं, डॉक्टरांनी पोट उघडून पीळ सोडवला, आणि वावटळ उठली. भर दुपारी आभाळ काळं झालं, खिडक्या धुळीनं भरल्या, दिवे गेले.

रक्त येणारी एक शीर बोटांत दाबून डॉक्टर अंधारात उभे राहिले. परसात हँडल फिरलं, धडधड सुरू झाली. दिवे लागले, पण लगेच तांबडे पडले, लुकलुकले, आणि धडधडच थांबली. धोंडीराम दाराकडं वळला.

"नाडी सोडू नकोस," डॉक्टर म्हणाले. "त्या बघतायत."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. परसातल्या त्या बाईवर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढा त्या घटकेला स्वतःच्या बोटांवरही नव्हता. बाहेर पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. मग पुन्हा हँडल, पुन्हा धडधड, आणि या वेळी पांढरा स्वच्छ उजेड टेबलावर पडला. तो शेवटचा टाका पडेपर्यंत हलला नाही.

हात धुऊन डॉक्टर परसात गेले. पार्वतम्मांच्या कपाळावर काळं तेल फासलेलं होतं. पावसाच्या शिंतोड्यांनी पट्टा भिजून घसरत होता, त्यांनी सांगितलं. इंजन थांबवलं, पट्टा पुसला, पकड यावी म्हणून राळ चोळली, मग चालू केलं. आत बाई टेबलावर असताना थांबवायचा धीर कसा झाला, असं डॉक्टरांनी विचारलं.

"फिरत्या पट्ट्याला हात घातला असता तर बोटं गेली असती. मग दिवा कुणी लावला असता?"

पत्र्याच्या भिंतीला टेकून सिद्धाप्पा बसला होता. तो सगळा वेळ तिथंच होता.

"इंजन बंद पडलं तवा वाटलं, संपलं," तो म्हणाला. "पर बाई घाबरल्याल्या दिसल्या न्हाईत. म्हून मी बी गप बसलो."

"घाबरले होते की," पार्वतम्मा म्हणाल्या आणि पदरानं कपाळ पुसू लागल्या.

तानाबाई हळूहळू सावरली. घरी निघताना ती आपल्या पायांनी ओसरी उतरली. सिद्धाप्पा डॉक्टरांच्या पायाशी वाकला, तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि दारात उभ्या असलेल्या पार्वतम्मांकडं हात केला.

"ऑपरेशन आम्ही दोघांनी केलंय," ते म्हणाले.