आधी आवाज, मग ओठ

"येवा, येवा! जेवल्याशिवाय कोणी जावचा नाय!"

विठोबा परबांचा आवाज खोलीभर घुमला आणि जमलेल्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. टीव्हीच्या पडद्यावर विठोबा परब उभे होते, पण त्यांचं तोंड मिटलेलं होतं. आवाज सुरू झाला आणि क्षणभराने, जणू आठवण झाल्यासारखे, त्यांचे ओठ हलले. अकरा वर्षांपूर्वी वारलेला माणूस आधी बोलत होता आणि मग तोंड उघडत होता.

"पाहिलंत?" नादबुवांनी डोळे मिटून विचारलं. माहीमहून आलेले हे बुवा गुडघ्यावर रुद्राक्षाची माळ टाकून बसले होते. "जिवंत माणसाचं रूप पुढे, शब्द मागे. मेलेल्याचा शब्द पुढे, रूप मागे. याला म्हणतात नादवियोग. शब्ददेह इथं अडकलाय, रूपदेह तिकडं तडफडतोय. सगळी व्हायब्रेशनची गोष्ट आहे, माउली. विज्ञान आता कुठे इथवर येतंय."

विज्ञान बिचारं मागेच राहिलं होतं. म्हणजे मी. लालबागच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेली दुर्गा साळगावकर दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होते, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. चाळ पाडून उभारलेल्या या टॉवरच्या वरच्या मजल्यावर आख्खी जुनी चाळ पुन्हा गोळा झाली होती. जिना एक असताना जी माणसं रोज भेटायची, ती लिफ्ट आल्यापासून भेटेनाशी झाली होती. त्यांना एकत्र आणायला शेवटी भूतच लागलं.

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला होता. विठोबाभाऊंना मी ओळखत होते. समोरच्या खोलीत राहायचे ते. हा त्यांचाच आवाज होता, खर्जातला, शेवटी किंचित चिरकणारा. तो त्यांच्या तोंडाला सोडून खोलीत एकटाच हिंडत होता. बुद्धीला पटत नव्हतं, पण मान वळवून मागे कोणी उभं आहे का, हे मी एकदा पाहून घेतलं.

मग बुवांनी हात वर केला. "एक क्षण मी दोन्ही देह जुळवून दाखवतो." दिवे मालवले गेले. चित्रफीत मागे नेऊन पुन्हा सुरू केली. बुवांनी घशातून एक लांब हुंकार काढला, आणि विठोबा परब बोलू लागले तेव्हा ओठ आणि आवाज बरोबर होते. अगदी बरोबर. कोणीतरी हुंदका दिला. हुंकार थांबला, आणि पुढच्या वाक्याला आवाज पुन्हा ओठांच्या पुढे पळाला.

"बघितलंत? मी सोडलं की सुटतो," बुवा म्हणाले. "त्याला कायमचा मोकळा करायला हवा. सर्वपित्रीला ही डीव्हीडीची तबकडी, मूळ कॅसेट आणि सौभाग्याची खूण, मंगळसूत्राच्या वाट्या, एका लाल फडक्यात बांधून मी स्वतः समुद्राला अर्पण करीन. एकसुद्धा नक्कल मागे ठेवायची नाही. नाहीतर हा आत्मा पोराबाळांच्या मागे लागेल."

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रखमावहिनींनी मान हलवली. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

*

त्या कॅसेटशिवाय विठोबाभाऊंचा आवाज जगात कुठेच नव्हता.

हे समजायला थोडं मागे जायला हवं. विठोबाभाऊ साळखात्यात, म्हणजे मागांवर होते. रखमावहिनी त्याच गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला. तिथल्या गदारोळात बोललेलं कानाला ऐकू येत नसे. म्हणून माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड नीट हलवून. समोरचा ओठ वाचायचा. चाळीतसुद्धा ही मंडळी गॅलरीच्या या टोकावरून त्या टोकाला अशीच बोलत, आणि आम्हा इतरांना वाटे, दोघं नुसती एकमेकांकडे बघतायत. मग संप झाला. गिरणी विठोबाभाऊंसाठी पुन्हा उघडलीच नाही. ते कुठेतरी रखवालदारीला लागले आणि हळूहळू त्यांनी आवाज काढणंच सोडलं. घरात बोलले तर ओठांनी. लेकीच्या, कौसल्येच्या, लग्नात मात्र व्हिडिओवाल्याने "काका, कायतरी बोला" म्हणून गळ घातली आणि ते मोकळ्या गळ्याने बोलले. तेवढंच.

मुलगा उत्तमने या गणपतीत नवा मोठा टीव्ही आणि होम थिएटर घेतलं. त्याच गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमधून. कॅसेटची तबकडी करून आणली आणि आईला खुर्चीवर बसवून लावली. आई किंचाळून उठली. उत्तमला कळेना, काय झालं. त्याला काही वेगळं दिसलंच नव्हतं. पण चाळीतल्या जुन्या गिरणीवाल्यांना बोलावलं, तर एकूणएक जण पांढरे पडले. बाकीचे आपण पडद्यावर डोळे बघतो, कपडे बघतो. ही माणसं आधी ओठ बघतात. क्षणाचा फरक कोणी दाखवल्याशिवाय आमच्या नजरेतून सुटला असता, त्यांच्या नाही. आणि ज्या ओठांवर जन्मभर विश्वास ठेवला, तेच खोटे ठरल्यावर त्यांना भुताशिवाय दुसरं काय सुचणार?

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वहिनींकडे गेले. मंगळसूत्राच्या दोन वाट्या त्यांनी देवापुढे काढून ठेवल्या होत्या.

"वहिनी, खरंच देणार?"

"देऊकच व्हया, बाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ह्या वर्षी कावळो पण शिवलो नाय पानाक. तेंका कायतरी सांगूचा आसा, नि आवाज तोंडात मावणा नाय."

"काय सांगायचंय?"

"बँड वाजता ना व्हिडिओत, थय ते माझ्याकडे वळून कायतरी बोलतत. आवाज नाय, नुसते ओठ. बुवा थय फीत बंद करूक लावतत, नि सांगतत, 'माका सोडवा' म्हणतत ते."

"तुम्ही स्वतः वाचलंत? गिरणीत तर तुमच्याइतकं कोणी ओठ वाचत नव्हतं."

"माका भ्या वाटता, बाई." आता त्या रडत होत्या. "बघलंय नि खराच तसा आसला तर? अकरा वर्सा माणूस अडकलो, नि मी हय टॉवरात पंख्याखाली बसलंय."

मी त्यांचा हात धरून बसले. मला संताप आला होता. भुताचा नाही. त्या हुंकाराचा.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्यावर मी तबकडी लावली. होम थिएटरच्या डब्यावरचं आवाजाचं बटण फिरवून शून्यावर आणलं आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज मोठा केला. विठोबाभाऊ बोलले. ओठ आणि आवाज बरोबर! डब्याचा आवाज पुन्हा चढवला, तर आवाज पुन्हा पुढे. बुवा नाहीत, हुंकार नाही, आणि आत्मा माझ्या बोटाच्या तालावर अडकत होता, सुटत होता.

उत्तम कामावरून आला तेव्हा मी विचारलं, "या डब्याचा रिमोट कुठे रे?"

"रघुवीरकडे, बाई. ज्यानं हे बसवलं तो. बुवांचा भक्त आहे. म्हणाला, बुवांच्या पायावर ठेवून आणतो."

"रिमोट? पायावर?"

उत्तम ओशाळला. माझाच विद्यार्थी होता.

संध्याकाळी मी लॅमिंग्टन रोडला टीव्ही-स्पीकरच्या एका दुकानात गेले. माझी तक्रार अर्धी ऐकून दुकानदार हसला. ही तक्रार त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी घेऊन येत होतं.

*

सर्वपित्रीला खोली आणखी भरली. होम थिएटरच्या डब्यावर बुवांच्या आज्ञेनं पातळ लाल मलमल टाकलेली होती, "यंत्राच्या तेजाला दृष्ट लागू नये म्हणून". शेजारच्या कोपऱ्यात रघुवीर शाल पांघरून ध्यानस्थ. मुंबईच्या ऑक्टोबरात शाल.

मी स्वयंपाकघरातून नैवेद्याची मोठी स्टीलची परात आणली आणि डब्याच्या तोंडाला टेकवून उभी केली.

"हे काय?" बुवांनी एक डोळा उघडला.

"पितरांचं पान मांडायचंय ना. इथेच असू दे."

दिवे मालवले. हुंकार सुरू झाला. विठोबाभाऊंचा आवाज आला, मग ओठ हलले. बुवांनी हुंकार वाढवला. पुन्हा आवाज आधी, ओठ मागून. रघुवीर ध्यानातून किंचित डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग गुडघ्यांवर उठून परातीच्या वरून बघू लागला. चोराच्या मनात चांदणं!

"बुवा," मी म्हणाले, "मंत्र परातीला घाबरतो का हो?"

"अपवित्र मन आहे इथं कोणाचं तरी!" बुवा गरजले.

"आहे ना. माझंच. बरं, विठोबाभाऊंचं राहू द्या. त्यांच्या मागे जे ढोलकी वाजवतायत, त्यांच्या हाताकडे बघा सगळे."

सगळ्यांनी पाहिलं. थाप ऐकू येत होती आणि हात नंतर पडत होता. प्रत्येक थापेला.

"हे कोण ढोलकीवाले?"

"मी!" पुढच्या रांगेतून तात्या मेस्त्री म्हणाले.

"तात्या, तुमचाही आवाज पुढे आणि हात मागे. तुम्ही कधी वारलात?"

"अगो बाय माझे! मी खयं मेलंय? मी हय बसलंय!" तात्यांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली, आणि कोणीतरी खुदकन हसलं. त्या खोलीत कित्येक दिवसांत पहिल्यांदा कोणी हसत होतं.

मी परात उचलली. त्याच क्षणी विठोबाभाऊंचा आवाज ओठांशी जुळला. बुवा तेव्हा हुंकारत नव्हते, मला शिव्याशाप देत होते. मी मलमल ओढली. डब्याच्या काचेवर, आवाज किती थांबवला ते दाखवणारे हिरवे आकडे चमकत होते. उत्तमने दिवा लावला, रघुवीरची शाल धरली आणि तिच्या घडीतून रिमोट बाहेर आला.

"आता ऐका," मी म्हणाले. "नवा टीव्ही जुनं धूसर चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. आधी पुसतो, नीटनेटकं करतो, मोठं करतो. त्याला क्षणभर लागतो. आवाज मात्र डब्यातून थेट स्पीकरला जातो, त्याला थांबायचं कारण नाही. म्हणून आवाज आधी, चित्र मागून. टीव्हीचाच आवाज लावला तर तो चित्रासाठी थांबतो आणि दोन्ही जुळतात. काल मी करून पाहिलंय. डब्यातला आवाज थांबवायचा तर त्याच्या रिमोटवर तशी सोय आहे. बुवा हुंकार देणार आणि हा बटण दाबणार. परात मध्ये आली, रिमोटचा किरण अडला. आत्मा कधी अडकलाच नव्हता."

बुवा उठले. रागाने म्हणाले की शाप लागेल. उत्तमने देवापुढच्या वाट्या उचलून मुठीत धरल्या आणि दार उघडून उभा राहिला. चपलांच्या ढिगात बुवांना आपली चप्पल सापडेना, तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत होते. तोंडचं पाणी पळालेला माणूस आधी एवढा मोठा कसा वाटला, हे कोणालाच कळेना.

मग उत्तमने रिमोट हातात घेतला. तात्या पडद्यावरच्या आपल्या ढोलकीकडे डोळे लावून बसले. "थांबव अजून आवाज... अजून जरा... बस! पडली थाप हातावर!"

"वहिनी," मी म्हणाले, "आता बघा. आता ते तुमच्या ओळखीचे ओठ आहेत."

रखमावहिनी भिंतीकडूनच म्हणाल्या, "नको."

"बुवांनी वाचलं ते खरं की तुम्ही वाचाल ते?"

त्यांनी पदर सावरला. मग जमिनीवर हात टेकून वळल्या. पडद्यावर विठोबाभाऊ हसत म्हणाले, "जेवल्याशिवाय कोणी जावचा नाय," आणि शब्दागणिक ओठ हलले. मग बँड सुरू झाला. सगळं त्या आवाजात बुडालं. विठोबाभाऊ बाजूला वळले. तिकडे, चित्राच्या कडेला, लग्नाच्या धावपळीत घामाघूम झालेल्या तेव्हाच्या रखमावहिनी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून ते गिरणीतल्यासारखं, आवाज न काढता, सावकाश काहीतरी बोलले.

खोलीतल्या जुन्या गिरणीवाल्यांनी ते वाचलं. तात्यांनी डोळे पुसले. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वहिनींकडे पाहिलं.

"विचारतत," त्या म्हणाल्या, "'काय गो, जेवलंस?'"

बाकी काही नाही. सोडवा नाही, अडकलोय नाही.

बाबांनो, म्हणून सांगते. माणूस गेला की तो जातो. राहते ती त्याची आठवण, आणि तिच्यावर ज्याचा हक्क आहे त्यानेच ती बघावी. मध्ये कोणी हुंकारणारा बसला तर त्याला आधी बाजूला सारा, परात लावून बघा, डबा उघडून बघा, शंका विचारा. भीतीने भिंतीकडे तोंड फिरवू नका. आपल्या माणसाचा शेवटचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नसतो.

त्या दिवशी पंगत उठेपर्यंत वहिनींनी ती फीत तिथेच थांबवून ठेवायला लावली. मग सगळ्यांच्या शेवटी स्वतः जेवल्या, हात धुतले, आणि पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उत्तमला म्हणाल्या, "लाव."

बँड वाजला. विठोबाभाऊ वळले, त्यांनी विचारलं. आणि रखमावहिनींनी, आवाज न काढता, ओठ नीट हलवून उत्तर दिलं. तेवढे दोन ओठ मलाही वाचता आले.

"जेवलंय."