पंधरावं नाव

"एकोणीस," मी म्हणाले आणि एकोणिसाव्या नावावर रेघ मारली.

माझी साहेब लिनेट कॉफीचा कप धरून दारात उभी होती. वयाने ती माझ्या मुलीएवढी असेल. "उरले किती?"

"पंधरा."

"म्हणजे वर्ग वाचला. नोएमी, शुक्रवारी बारा वाजेपर्यंत यातलं एकही गळू देऊ नकोस. चौदा झाले की कॉम्प्युटर वर्ग बंद करतो, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"मी कधी आले रडत?"

"नाही आलीस. म्हणूनच आधी सांगतेय."

बावीस वर्षं मी पदवीची पहिली दोनच वर्षं शिकवणाऱ्या या कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेश कचेरीत तीन नंबरच्या खिडकीत बसते. आधी माणसं रांगेत यायची आणि मी त्यांच्यावर खेकसायचे. आता नावं घरबसल्या पडद्यावरून येतात आणि खेकसायचं कोणावर हेच कळत नाही. दोन वर्षांपासून तर याद्यांमध्ये भुतं शिरली आहेत. भुतं हा आमच्या कचेरीतला शब्द. कुठे तरी दूर बसलेला कोणी तरी दुसऱ्याच्या नावावर प्रवेश घेतो, वर्गाच्या ऑनलाइन चर्चेत चार ओळी टाकतो, सरकारने विद्यार्थ्यांना दिलेली मदत उचलतो आणि नाहीसा होतो. सुरुवातीची भुतं बावळट होती, तिघांची जन्मतारीख एकच असायची. आताची हुशार आहेत. त्यांचे निबंध आमच्या पोरांपेक्षा बरे असतात.

हा वर्ग होता इंग्रजी साहित्याचा, नुकताच सुरू झालेला. यादीत चौतीस नावं होती. ओळखपत्र पाठवा असं मी सगळ्यांना कळवलं, एकोणीस जणांनी पाठवलं नाही. उरलेल्या पंधरात वर्लिन पुलियम होता, आणि खरं सांगायचं तर वर्ग टिकावा असं मला त्याच्यासाठीच वाटत होतं.

वर्लिन पाटकरी. आमच्या खोऱ्यात कालव्याच्या दारांवर बसून बदामाच्या बागांना पाणी सोडायचं काम तो तीस वर्षं करतोय. एका सत्रात एक विषय, असं करत करत नऊ वर्षं त्याने या कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं होतं. गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीने त्याला तिसऱ्या वर्षात जागा दिली, एका अटीवर. हा शेवटचा वर्ग जूनपर्यंत पास व्हायला हवा. हा वर्ग आमच्याकडे दोन वर्षांतून एकदा लागतो. वर्लिनला एकसष्ट पूर्ण झाली होती. "मला तिथल्या मोठ्या वाचनालयात एकदा विद्यार्थी म्हणून शिरायचंय," तो मला म्हणाला होता. "पाहुणा म्हणून तर कोणीही जातं."

पंधरावं नाव लव्हॉन पुलियम. आडनाव तेच, पत्ता तोच. मी मनात म्हटलं, चला, म्हाताऱ्याने बायकोलाही ओढून आणलं. ओळखपत्राचा फोटो जरा धूसर होता म्हणून नियमाप्रमाणे मी बुधवारी फोन लावला.

"हो, मीच लव्हॉन," बाईचा आवाज आला. "मी शिकायला खूप उत्सुक आहे."

तिच्या मागे काहीच ऐकू येत नव्हतं. टीव्ही नाही, कुत्रं नाही, भांडं नाही. मी म्हटलं, नवऱ्याच्या शेजारी बसून अभ्यास करणार म्हणजे भांडणं होणार. ती हसली, पण थोडी थांबून, कोणी तरी सांगितल्यावर हसावं तशी. मला कसंसंच झालं. तरी मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मला पंधरा हवे होते ना.

गुरुवारी धुकं इतकं दाट पडलं की समोरचं वाहनतळ दिसेना. त्या धुक्यातून वर्लिन आला. टोपी काढून खिडकीशी उभा राहिला.

"बाई, यादीत माझ्या आडनावाचं कोण आहे?"

"कोण म्हणजे? तुमची बायको की. मला आधी बोलला नाहीत, लबाड माणसा."

"लव्हॉन गेल्या मार्चमध्ये गेली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण मी कालच तिच्याशी बोलले."

ते शब्द परत गिळता आले असते तर मी गिळले असते. वर्लिनने हळूच विचारलं, "आवाज कसा होता?"

"सभ्य होता. गोड."

"मग ती नव्हे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचे डोळे भरून आले.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर्गाच्या चर्चेत 'लव्हॉन'ने लिहिलेलं तो छापून घेऊन आला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून वाचते, माझे पती मला सदैव प्रोत्साहन देतात, असं काहीबाही होतं त्यात.

"लव्हॉन टबात बसून वाचायची," वर्लिन म्हणाला. "पाणी गार होईस्तोवर. माझी सगळी पुस्तकं माझ्याआधी तिची वाचून व्हायची, पानं फुगलेली असायची. आणि प्रोत्साहन..."

"हे वाचलंत तेव्हाच सांगायचं नाही का मला?"

"मी तिला उत्तर लिहिलं, बाई. तीनदा. कळत होतं हे कोण तरी भलतंच आहे. तरी लिहिलं. दरवेळी मिनिटभरात उत्तर. लव्हॉनने जन्मात कधी मला मिनिटभरात उत्तर दिलं नाही." त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. "काल तिनं मला विचारलं, तुमचं लग्न झालंय का."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी बावीस वर्षं कचेरीत काढलेली बाई, माझं डोकं लगेच आकड्यांकडे गेलं. काचेजवळ वाकून मी हळू आवाजात म्हणाले, "वर्लिन, ऐका माझं. ती गेली तर चौदा होतात. उद्या बारापर्यंत तोंड बंद ठेवा. एकदा वर्ग पक्का झाला की कोणी बंद करू शकत नाही. सोमवारी सकाळी मी स्वतः तिला काढते. मदतीचा पैसा त्याच्यानंतर सुटतो, कोणाचं एक नाणं बुडायचं नाही."

"बारा वाजता ती मोजली जाणार."

"हो."

"आणि माझा वर्ग होणार."

"तेच तर सांगतेय."

त्याने टोपी घातली आणि तो गेला. धुक्यात दोन पावलांत तो दिसेनासा झाला. गप्प राहील, असं मी धरून चालले. मी त्याच्या भल्याचंच सांगितलं होतं, तरी दिवसभर मला स्वतःची चीड येत राहिली.

शुक्रवारी सकाळी वर्ग शिकवणाऱ्या प्रोफेसर हागोपियन बाई डोकावल्या. "आहेत ना पंधरा? हा वर्ग गेला तर वर्लिनची जागा जाईल, मी युनिव्हर्सिटीत विचारलं, ते मुदत वाढवत नाहीत." मी पंधरा आहेत म्हणाले. "त्याची बायकोही बरं लिहिते हं," त्या जाता जाता म्हणाल्या. "जरा कोरडं, पण नियमित."

साडेदहाला माझा फोन वाजला.

"मी लव्हॉन पुलियम. बारा वाजता माझं नाव यादीत असेल ना?"

बारा वाजताचं विद्यार्थ्यांना कोणी कळवत नाही.

"मला फक्त खात्री करायची होती," तोच गोड आवाज. "आम्हा दोघांनाही शिकायचंय."

मी फोन ठेवला. हे कोण आहे, माणूस आहे की नुसतं यंत्र बोलतंय, त्याला वर्लिनबद्दल किती माहीत आहे, काही कळायला मार्ग नव्हता. आणि या आवाजाला आणखी दीड तास मीच यादीत सांभाळून ठेवणार होते.

बाराला वीस मिनिटं कमी असताना वर्लिन आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट.

"नाव काढायचा फॉर्म द्या."

"वर्लिन, शहाणे असाल तर घरी जा."

"द्या, बाई."

"दोन वर्षांनी तुम्ही त्रेसष्टचे व्हाल. युनिव्हर्सिटी जागा धरून ठेवणार नाही. आणि बाकीच्या तेरा जणांचं काय?"

"ते विशीतले आहेत. त्यांना थांबता येतं."

"आणि तुम्हाला?"

कठड्यावर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकत्र नाव घातलं होतं. कवितेचं वेड तिला होतं, मला नाही. मी आपला सोबत म्हणून आलो. महिनाभरात माझी आई अंथरुणाला खिळली. एकाला घरी राहायला हवं होतं. मी म्हटलं, हे सत्र मी करतो, पुढचं तू कर. तिचं नाव काढायचा फॉर्म मीच आणून दिला. याच खिडकीत. तिला तर मी आणलंही नव्हतं, सही मीच ठोकली. तुम्ही घेतलात."

"मला आठवत नाही."

"तुम्हाला कशाला आठवेल, रोज शंभर येतात."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग तिचं पुढचं सत्र?"

"आई सहा वर्षं जगली. नंतर लव्हॉनच आजारी पडली. एका शब्दानं बोलली नाही कधी." "तिच्या जागेवर मी एकदा पुढे गेलोय, बाई. आता परत तिचंच नाव वापरून जायचं? तेही त्या बयेच्या तोंडी घातलेलं?"

मला राग आला होता, कोणाचा ते सांगता येणार नाही. "फॉर्म नको," मी म्हणाले. "मयत म्हणून मी एका बटणात काढते."

"कागदावरच करा. तेव्हा कागदावर झालं होतं."

मी फॉर्म दिला. जाड बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर कोरत त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात चार चौकटी छापलेल्या असतात: नोकरी, स्थलांतर, घरगुती अडचण, इतर. त्याने 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'तीन मार्चला वारली.' मग मृत्यूचा दाखला वर ठेवला आणि पेन खाली ठेवलं.

"सही?" मी सवयीने विचारलं.

"विद्यार्थ्याची सही असं छापलंय," वर्लिन म्हणाला. "ती जागा तिची. माझी सही चालायची नाही. तेव्हाही चालायला नको होती."

बावीस वर्षांत मी सहीवाचून फॉर्म घेतलेला नाही. पोरं परत पाठवली आहेत, रडणाऱ्या आया परत पाठवल्या आहेत. मी तो फॉर्म आत ओढला, रिकाम्या रकान्याशेजारी शिक्का मारला आणि तिचं नाव काढलं. पडद्यावर पंधराचे चौदा झाले. बाराला सहा मिनिटं होती. ती सहा मिनिटं तो टोपी हातात धरून खिडकीसमोर उभा राहिला, आणि मीही खुर्चीतून उठून उभी राहिले.